पंधरा नंबरची खुर्ची

मास्तर वारले तेव्हा संगीतसभागृहाच्या वर्षाच्या पासावरचे पाच कार्यक्रम शिल्लक होते. नववी रांग, खुर्ची चौदा आणि पंधरा. चौदा बाईंची, पंधरा मास्तरांची. दोघांची नावं एकाच कार्डावर छापलेली होती, आणि त्यातलं एक माणूस कमी झालं तर काय करायचं याबद्दल कार्डामागच्या अकरा नियमांत अवाक्षर नव्हतं. बाईंनी ते बारीक अक्षरातले नियम भिंग लावून दोनदा वाचले. भिंगांना त्यांच्याकडे तोटा नव्हता. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं.

खुर्ची रिकामी ठेवायला त्यांची तयारी नव्हती. त्यात भावनेचा भाग कमी आणि सोळा नंबरवाल्या गृहस्थांचा जास्त होता. हे गृहस्थ नऊ वर्षं मास्तरांच्या शेजारी बसत आले होते आणि नऊ वर्षं त्यांना आपला कोट ठेवायला जागा हवी होती. मास्तर गेल्यावर त्यांची सोय व्हावी हे बाईंना पटेना.

पहिल्यांदा त्यांनी वन्संना विचारलं. वन्सं म्हणजे मास्तरांची धाकटी बहीण. चर्चच्या गायनवृंदात मास्तर गाणं बसवायचे आणि वन्सं चाळीस वर्षं वरच्या पट्टीत गायच्या. पट्टी अजूनही वरचीच होती. आवाज केव्हाच खाली उतरला होता, पण ते त्यांना सांगायची छाती मास्तरांचीही झाली नाही. वन्संचा प्रभूवर विश्वास होता, डॉक्टरांवर होता, हवामानखात्यावरही होता.

"नको गं वहिनी," वन्सं म्हणाल्या, "तिथं नुसतं ऐकायचं असतं. मला नाही जमत. मागच्या वेळी मी जरा सूर धरला तर पुढची बाई वळून वळून बघत होती."

मागच्या वेळी वन्सं आयुष्यात कधी न ऐकलेल्या व्हायोलिनच्या तुकड्याबरोबर पस्तीस मिनिटं गुणगुणल्या होत्या. बाईंनी आग्रह केला नाही.

दातांचे डॉक्टर गुडघ्यामुळे नाही म्हणाले. दुकानासमोरची शिंपीण म्हणाली की अंधारात बसलं की तिला रडू येतं. शेवटी पाळकसाहेब समाचाराला आले असताना, बोलायला दुसरं काही सुचेना म्हणून बाईंनी त्यांना विचारलं. वाक्य पूर्ण व्हायच्या आत ते "येतो" म्हणाले, आणि मग किती पटकन म्हणालो हे लक्षात येऊन बिस्कीट चहात बुडवत बसले.

पाळकसाहेब चाळिशीचे होते, एकटे होते आणि चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत राहत होते. पाच वर्षांपूर्वी या मंडळीत आले तेव्हा त्यांचं प्रवचन चाळीस मिनिटांचं असे. आता ते बारा मिनिटांवर आलं होतं. मंडळीला वाटायचं, साहेब अनुभवाने शहाणे झाले.

इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी. बाईंचा देवावर विश्वास नव्हता. लग्न ठरायच्या आधीच त्यांनी मास्तरांना हे स्वच्छ सांगून टाकलं होतं, पुढे कटकट नको म्हणून. मास्तरांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "सूर कसा लावतेस?" सूर ठीक होता. मग एकतीस वर्षं बाई दर रविवारी दुसऱ्या बाकावर, खालच्या पट्टीतल्या चार बायकांत उभ्या राहून गात आल्या. गाताना शब्द आपले नसतात, आपला फक्त सूर, असं त्यांनी स्वतःपुरतं ठरवलं होतं. सगळ्यांनी मिळून "आमचा विश्वास आहे" असं म्हणायची वेळ आली की मात्र त्या तोंड मिटून उभ्या राहत. मास्तरांनी याबद्दल एकदाही विचारलं नाही. असा नवरा होता. तो गेला, आणि बाईंना घरात, दुकानात, रस्त्यात, कुठेच काही ऐकू येईना. कान शाबूत होते. आवाज येत होते. गाणं येत नव्हतं.

पहिल्या कार्यक्रमाला पाळकसाहेबांनी टाळी वाजवली. चार भागांची रचना होती. पहिला भाग फार जोरात, सगळे ट्रम्पेट एकदम, असा संपला आणि पुढची शांतता सुरू झाली. या शांततेत टाळी वाजवायची नसते. खोकायचं असेल तर खोकायचं, पण टाळी चारही भाग संपल्यावर. हे तिथल्या बाराशे लोकांना आईच्या पोटातूनच ठाऊक होतं. पाळकसाहेबांना नव्हतं. त्यांनी मोठ्या हाडाच्या हातांनी सहा टाळ्या वाजवल्या. एकट्याने. संचालकाने काठी वर धरूनच मागे वळून पाहिलं. सोळा नंबरवाल्या गृहस्थांनी डोळे मिटून घेतले.

बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि त्याच वेळी त्यांच्या लक्षात आलं की दोन महिन्यांत आपल्याला पहिल्यांदाच काहीतरी वाटलं. लाज तर लाज.

"काठी खाली येऊन तो माणूस आपल्याकडे वळेपर्यंत हात मांडीवर," मध्यंतरात त्यांनी बजावलं.

"पण मधेच आनंद झाला तर?"

"तर दाबून ठेवायचा. इथे सगळे तेच करतात."

दुसऱ्या कार्यक्रमाला पाळकसाहेब हात मांडीखाली घालून बसले. तिसऱ्याला त्यांना झोप लागली. चेलो चालू असताना डोकं हळूहळू कलत सोळा नंबरवाल्यांच्या खांद्यावर जाऊन टेकलं, आणि त्या गृहस्थांनी ते तिथेच राहू दिलं. बाईंचं त्यांच्याबद्दलचं मत त्या दिवशी किंचित सुधारलं.

चौथ्या कार्यक्रमाच्या मध्यंतरात दोघं कॉफीचे कागदी पेले घेऊन खांबाजवळ उभी होती. गर्दी होती. पाळकसाहेब पेल्यात बघत म्हणाले, "बाई, एक विचारायचं होतं. रागवू नका. विश्वास नसताना येत राहणं, हे तुम्हाला कसं जमतं?"

बाईंचा पेला ओठाशीच थांबला. "मास्तरांनी सांगितलं तुम्हाला?"

"नाही, नाही. 'आमचा विश्वास आहे' म्हणताना तुमचं तोंड बंद असतं. मला समोरून दिसतं ना. तुम्हाला सगळ्यांना माझं एकट्याचं तोंड दिसतं, मला सगळ्यांची दिसतात."

"मग पाच वर्षं गप्प का बसलात?"

"तुमचा सूर पक्का होता. म्हटलं, कशाला छेडा." मग म्हणाले, "मी तक्रार म्हणून नाही विचारत. शिकायला म्हणून विचारतोय. उठता कसं रविवारी? कपडे करून, वेळेवर, तिथे येऊन उभं कसं राहता?"

"कुणाला शिकायचंय?"

"मला."

शेजारून कुणीतरी साखर मागितली. बाईंनी ती दिली. एवढ्या वेळात आपण काय ऐकलं ते त्यांना कळलं.

"किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं. दुकानात गिऱ्हाईक अंधूक दिसतं म्हणालं की त्या याच आवाजात विचारत.

"अकरा महिने. प्रार्थनेला बसतो आणि नुसता बसतो. गुडघे दुखतात, एवढंच होतं."

अकरा महिने म्हटल्यावर बाईंच्या मनात काहीतरी टोचलं. "मास्तरांच्या दफनाच्या आधीपासून की नंतर?"

इथे पाळकसाहेबांनी थाप मारायला हवी होती. कुणीही मारली असती. पण त्यांना त्याची सवय नव्हती.

"त्याच दिवशी," ते म्हणाले. "कबरीपाशी. ते वाक्य म्हणत होतो, 'हा आपला माणूस हरवलेला नाही, प्रभूजवळ आहे, आणि आपली भेट होणार आहे.' आणि म्हणता म्हणता वाटलं, मी दुकानाच्या उघडण्या-बंद होण्याच्या वेळा वाचून दाखवतोय. तेव्हापासून हे असंच."

घंटा वाजली. दोघं जाऊन खुर्च्यांवर बसली. दुसऱ्या भागात वाद्यवृंदाने काय वाजवलं ते बाईंना आजही सांगता येणार नाही.

त्या संतापल्या होत्या. वरून ढिम्म दिसत होत्या, पण आतून पेटल्या होत्या. आणि संतापायचा आपल्याला काडीचा हक्क नाही हे कळत असल्यामुळे आणखीच पेटल्या होत्या. ते वाक्य त्यांना खरं वाटलं होतं अशातला भाग नव्हता. पण म्हणणाऱ्याला ते खरं वाटतंय असं त्या धरून चालल्या होत्या. घरातल्या एकाला पोहता येत असलं की बाकीचे कसे निर्धास्त काठावर बसतात, तशा त्या एकतीस वर्षं बसल्या होत्या. आधी मास्तर होते. मास्तरांना खाली सोडलं तेव्हा पाळक होता. आणि आता तो म्हणत होता की त्या वेळी मलाही येत नव्हतं. म्हणजे मास्तरांना तसंच सोडलं. कुणीही न धरता. बाईंनी पासाचं कार्ड मुठीत इतकं दाबलं की त्याला कायमची घडी पडली.

पुढच्या मंगळवारी पाळकसाहेब दुकानात आले. वाचताना अक्षरं हलतात म्हणाले. बाईंनी एक शब्द न बोलता त्यांना मागच्या अंधाऱ्या खोलीत नेलं, खुर्चीवर बसवलं, नाकावर लोखंडी चौकट चढवली आणि काचा बदलायला सुरुवात केली.

"ही बरी की ही?"

"दोन्ही... ही. नाही, ती. तुम्हाला कुठली बरोबर वाटते?"

"साहेब, ही परीक्षा नाही. मला खूश करायला उत्तरं देऊ नका. सगळे तेच करतात. दिसत नसलेली अक्षरं अंदाजाने वाचतात, पास होतात, आणि मग वर्षभर चुकीचा चष्मा घालून फिरतात. दिसतंय तर दिसतंय म्हणा. नाही तर नाही म्हणा."

"नाही दिसत," पाळकसाहेब म्हणाले. चौकटीमुळे त्यांचे डोळे एवढे मोठे दिसत होते की बाईंना त्यांच्याकडे बघवेना.

तपासणी झाल्यावर त्यांनी खिशातून एक पाकीट काढून काउंटरवर ठेवलं. राजीनामा होता. तारीख घातलेली नव्हती. भाषा सुटसुटीत, कुणालाही दोष नाही, 'मंडळीला माझ्याहून योग्य माणूस मिळो' असा शेवट. बाईंनी वाचला आणि एका ठिकाणी राहिलेला अनुस्वार दाखवला.

"पुढच्या महिन्यात मास्तरांना वर्ष होतं," पाळकसाहेब म्हणाले. "त्यांची स्मरणप्रार्थना हे माझं शेवटचं काम. ती झाली की पत्र देतो."

"आणि ते वाक्य?"

"म्हणावंच लागेल. तुमच्या वन्संनी पत्रिकेत छापायला दिलंय. जाड अक्षरांत. म्हणाल्या, गेलं वर्षभर त्या एका वाक्यावर मी जगतेय."

बाईंनी काच पुसायचं फडकं उचललं, घडी केली, परत उलगडली. वन्सं काय काय म्हणू शकतात याची त्यांना कल्पना होती. तरी हे त्यांना नवीन होतं.

"विश्वास नसेल तर म्हणायचं नाही," त्या म्हणाल्या. "एकदा म्हणालात ते झालं. मास्तरांच्या नावापुढे दुसऱ्यांदा खोटं चालायचं नाही मला."

"मग काय करू?"

"त्या जागी गप्प राहा. थांबा, आणि पुढचं वाचा. लोकांना वाटेल पान सरकलं."

पाळकसाहेबांनी मान डोलावली. "बरं. गप्प राहतो." कुणीतरी काय करायचं ते सांगितल्यामुळे त्यांचा चेहरा जरा हलका झाल्यासारखा दिसला. बाईंना वाटलं, आपण बरोबर वागलो. बाईंना हे नेहमीच वाटत असे, आणि बऱ्याचदा ते खरंही असे.

पासावरचा शेवटचा कार्यक्रम गायनवृंदाचा होता. नव्वद माणसं, काळे कपडे, मृतांसाठीची प्रार्थना, सव्वा तास. पाळकसाहेब नवा चष्मा लावून आले होते आणि पहिल्यांदाच गाणाऱ्यांची तोंडं स्पष्ट दिसत असल्यामुळे पुढे वाकून बघत होते. शेवटी एक सूर आला. सगळ्या बायकांनी मिळून धरलेला, हळू, लांब. तो संपेचना. माणसाच्या छातीत मावेल त्याच्या दुप्पट झाला, तिप्पट झाला, आणि तरी तसाच, कुठे सांधा नाही की चीर नाही.

आणि बाईंना तो ऐकू आला. आवाज म्हणून नाही, गाणं म्हणून. वर्षभराने. त्यांना वाटलं, हा संपू नये. मग चष्म्याच्या काचा पुसाव्या लागल्या. दुसऱ्यांचे चष्मे पुसायची सवय होती, स्वतःचा मात्र दोनदा पुसावा लागला.

बाहेर पडून बसथांब्याकडे चालताना पाळकसाहेब म्हणाले, "त्या बायका श्वास कधी घेतात?"

"अधूनमधून."

"मी बघत होतो. तिसऱ्या रांगेतल्या एकीने सुराच्या मध्येच तोंड मिटलं. थोड्या वेळाने परत उघडलं."

"तेच. लांब सूर असला की कुणालाच पुरत नाही. मग पाळीपाळीने सोडायचा. शेजारणीने सोडला असेल तेव्हा आपण सोडायचा नाही, एवढा एकच नियम. मास्तर प्रत्येकीच्या कागदावर पेन्सिलीने खूण करून द्यायचे, तू इथे, तू तिथे."

"म्हणजे तेवढा वेळ ती गात नसते?"

"नसते."

"आणि कुणाला कळत नाही."

"बाकीच्या गात असतात ना." बाई थबकल्या. त्यांना पाळकसाहेबांचा चेहरा दिसला. "हे बघा साहेब. यावर प्रवचन करायचं नाही. ही निव्वळ फुप्फुसाची गोष्ट आहे."

"नाही करत. नुसतं विचारतोय. परत कसं यायचं असतं?"

"हळूच. अक्षराच्या मध्येच कुठेतरी. धाडकन आलं की मास्तर पेन्सिल फेकून मारायचे."

"आणि यायलाच जमलं नाही तर?"

बाईंनी विचार केला. असं एकदोनदा त्यांचं स्वतःचंच झालं होतं, फ्लूच्या साथीत. "मग तोंड उघडं ठेवून उभं राहायचं," त्या म्हणाल्या. "मास्तरांना समजायचं. बोलायचे नाहीत."

बस आली. पाळकसाहेब खिशावर हात ठेवून बसले होते. खिशात पाकीट होतं. त्यावर आता तारीख घातलेली होती, येत्या रविवारची. अनुस्वारही दिला होता.

रविवारी चर्चमध्ये साठेक माणसं होती. दातांचे डॉक्टर गुडघा घेऊन आले होते. मास्तरांचे जुने विद्यार्थी मागच्या बाकांवर, आता टक्कल पडलेले, अजूनही मास्तर फळ्याकडे बोलावतील अशा बेताने बसलेले. बाई दुसऱ्या बाकावर आपल्या जागी होत्या. बरोबर पुढे वन्सं. त्यांनी केस नीट विंचरून मागे घट्ट बांधले होते आणि पत्रिका दोन्ही हातांत छातीशी धरली होती.

गाणं झालं. शास्त्रपाठ झाला. एका विद्यार्थ्याने मास्तरांच्या छडीची आठवण सांगितली, लोक हसले. मग पाळकसाहेब उभे राहिले आणि वाचू लागले. मास्तरांचं वय, त्यांची शाळा, त्यांचा गायनवृंद. आवाज बरा होता. मग ते त्या वाक्यापाशी आले आणि ठरल्याप्रमाणे गप्प राहिले.

बाईंनी ही शांतता मनात आधी बघून ठेवली होती. दोन सेकंद, पान सरकल्यासारखं, आणि मग पुढचं. पण पाळकसाहेब पुढचं वाचेनात. त्यांनी मान वर केली आणि नव्या चष्म्यातून सरळ बाईंकडे बघितलं. त्या नजरेत मदत मागणं नव्हतं, गाऱ्हाणं नव्हतं. तुम्ही सांगितलंत तसं केलंय, एवढंच होतं. पंखा फिरत होता. दातांचे डॉक्टर घसा खाकरले. वन्संनी पत्रिकेवरच्या जाड अक्षरांवर बोट ठेवलं आणि ठेवूनच राहिल्या. त्यांची मान मागून दिसत होती. त्या जराशा पुढे झुकल्या होत्या, एखादं माणूस दारात कधी दिसतंय म्हणून झुकावं तशा.

बाईंना हवं होतं ते मिळालं होतं. खोटं बोललं गेलं नव्हतं. मास्तरांच्या नावापुढे आता काहीच नव्हतं, अगदी स्वच्छ, आणि ते बाईंना सहन होईना. अजून कुणी बोलेना. पाळक नाही, वन्सं नाही, साठ माणसांत एकही नाही.

बाई उभ्या राहिल्या. गायनवृंदातलं माणूस मधेच एकटं उभं राहत नाही. मास्तर असते तर भुवया वर गेल्या असत्या.

"हा आपला माणूस हरवलेला नाही," बाई म्हणाल्या. आवाज रोजचाच होता, दुकानातला. "प्रभूजवळ आहे." इथपर्यंत ठीक झालं. "आणि आपली भेट..."

इथे त्यांचा आवाज गेला. कारण तेवढ्यात त्यांना मास्तर दिसले. प्रभूजवळ वगैरे नाही. पंधरा नंबरच्या खुर्चीत, नेहमीसारखे, संपायच्या आधीच टाळीसाठी हात तयार ठेवून बसलेले. आणि ती भेट बाईंना हवी झाली. इतकी की त्यांनी वन्संच्या बाकाची पाठ धरली. एकतीस वर्षं हे खरं आहे की नाही एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर देणं सोपं होतं. ते खरं असायलाच हवं असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. गरजच पडली नव्हती. माणूस घरात होता.

"होणार आहे," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

"आमेन!" वन्सं ओरडल्या, अर्धा सूर वर.

पाळकसाहेबांनी पुढच्या गाण्याचा नंबर सांगितला. सगळे उभे राहिले, गायले, आशीर्वाद झाला. लोक बाहेर जाऊन कॉफी प्यायला लागले. वन्सं प्रत्येकाला सांगत होत्या, "आधीच ठरलं होतं, ते वाक्य वहिनीच म्हणणार होती. मला तेवढं कळवायचं राहून गेलं."

बाई बाकावरच होत्या. पाळकसाहेब येऊन शेजारच्या मोकळ्या जागेत बसले.

"पत्र दिलंत?" बाईंनी विचारलं.

"नाही अजून. मंडळीचे अध्यक्ष कॉफी घेतायत." मग म्हणाले, "तुम्ही म्हणालात."

"कुणीच म्हणेना. मग काय करायचं?"

"म्हणजे आता विश्वास..."

"नाही!" बाई एवढ्या जोरात म्हणाल्या की दारातून दोघांनी आत बघितलं. "विश्वास कसला? नाहीच आहे. पण मला ते खरं व्हायला हवंय. कळतंय का तुम्हाला? मला माझा माणूस भेटायला हवाय. वर्षभर मी बरी होते. दुकान चालू होतं, जेवत होते, झोपत होते. आता हे कुठे घेऊन जाऊ मी? कुणाला सांगू?" आणि त्या रडायला लागल्या. दफनाच्या दिवशी रडल्या नव्हत्या. आता तोंडावर हातही न घेता, लहान मुलीसारख्या, मोठ्याने रडल्या.

पाळकसाहेब घाबरले. त्यांच्याकडे रुमाल नव्हता. चष्म्याचं फडकं होतं, ते पुढे केलं, बाईंना ते दिसलं नाही. मग काय करावं ते न सुचून त्यांनी तो मोठ्या हाडाचा हात बाईंच्या डोक्यावर ठेवला, आणि तोंडातून निघून गेलं, "प्रभू, या बाईला..."

आणि ते थांबले.

त्यांनी स्वतःचा हात बघितला. तोंड उघडंच राहिलं होतं. वर्षभर जे गुडघे टेकून, डोळे मिटून, पहाटे उठून आलं नव्हतं ते आत्ता न विचारता आलं होतं, आणि आता पुढे काय म्हणायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. हात काढून घ्यावा तर तेही जमेना. बाहेर वन्सं कुणाला तरी कॉफीत साखर कमी आहे म्हणून सुनावत होत्या.

बाईंचं रडणं जरा ओसरलं. त्यांनी डोळे मिटले नव्हते. प्रार्थनेला डोळे मिटायची त्यांना सवय नव्हती. त्या तशाच, डोक्यावर हात घेऊन, समोरच्या रिकाम्या बाकाकडे बघत थोडा वेळ वाट बघत बसल्या.

"थांबलात का?" त्या म्हणाल्या. "पुढे म्हणा."